केव्हिन रोच : कचेरीच्या आतला माणूस

वास्तुकलेचं प्रिट्झकर पारितोषिक १९७९ साली सुरू झालं. पहिले चार मानकरी असे : फिलिप जॉन्सन, लुईस बारागान, जेम्स स्टर्लिंग आणि केव्हिन रोच. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही विचारून बघा. पहिल्या तिघांबद्दल तो दोन-चार वाक्यं तरी बोलेल, चौथ्या नावाशी अडखळेल. रोच २०१९ च्या १ मार्चला वारले तेव्हा ते ९६ वर्षांचे होते आणि जवळपास अखेरपर्यंत कामात होते. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी मोठ्या कंपन्या, विद्यापीठं, संग्रहालयं आणि सरकारी खाती यांच्यासाठी इमारती बांधल्या. तरी नाव मागे का पडलं?

याची उत्तरं ठरलेली आहेत. त्यांची अशी ओळखीची शैली नव्हती. एक इमारत काचेचा पिरॅमिड, दुसरी गंजलेल्या पोलादाची, तिसरी पांढऱ्याशुभ्र महालासारखी. ते सिद्धान्त मांडत नसत आणि बोलतही कमीच. २०१७ साली त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटाच्या नावातही ‘क्वायट आर्किटेक्ट’ असाच उल्लेख आहे. शिवाय त्यांचं बरंचसं काम कंपन्यांच्या खासगी आवारात, पहारेकऱ्याच्या फाटकाआड. बाहेरच्या माणसानं बघायचं तरी कुठून?

सगळ्यांत जड आरोप मात्र वेगळा आहे : रोच हे बड्या अमेरिकी कंपन्यांचे दरबारी वास्तुकार. याच्या उलट बाजूला त्यांचे चाहते म्हणतात की, आठ-आठ तास टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा इतका विचार विसाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्याच मोठ्या वास्तुकारानं केला नाही. येल विद्यापीठानं २०११ मध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवल्यापासून ही दुसरी बाजू वजनदार होत चालली आहे. माझ्या मते दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि पंचाईत अशी की ती एकाच इमारतीबद्दल खरी आहेत.

रोच यांचा जन्म १४ जून १९२२ चा, डब्लिनमधला. त्यानंतर दोनच आठवड्यांत आयर्लंडमध्ये यादवी पेटली. वडील एमन रोच स्वातंत्र्यलढ्यातले, तुरुंग पाहिलेले. पुढे कॉर्क परगण्यातल्या मिचेल्सटाउन या गावी ते सहकारी दुग्धसंस्थेचे व्यवस्थापक झाले आणि लोणी-चीजचा तो धंदा त्यांनी देशभर नावारूपाला आणला. दूध संघाच्या आवारात वाढणं म्हणजे काय, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पहाटेपासून येणाऱ्या गाड्या, मोजमाप, धुणं, थंडावा, पाठवणी : सगळा कारभार वेळेचा आणि वाटांचा. केव्हिननं आयुष्यात पहिली इमारत आखली ती वडिलांसाठी, शिक्षण चालू असताना. ती होती हजार डुकरांची शेड. वास्तुकारांच्या चरित्रात पहिलं काम म्हणून सहसा काकाचा बंगला नाहीतर आईचं घर असतं. इथे सुरुवातच अशा इमारतीनं झाली की जिच्या दर्शनी भागाशी कुणाला कर्तव्य नाही. आत राहणाऱ्यांना खाणं कुठून येणार आणि घाण कुठून जाणार, एवढाच सवाल. पुढच्या कामाकडे पाहिलं की हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

१९४५ साली युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधून पदवी घेऊन रोच मायकेल स्कॉट यांच्याकडे लागले. स्कॉट हे आयर्लंडमधल्या आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू. त्यांच्या कचेरीत तेव्हा डब्लिनच्या बसस्थानकाचं, म्हणजे बुसारसचं काम चालू होतं. तिथून लंडनला मॅक्सवेल फ्राय यांच्याकडे. फ्राय आणि त्यांची पत्नी जेन ड्रू हे जोडपं आपल्याला ठाऊक आहे ते चंदीगडमुळे; ल कॉर्ब्युझिएच्या बरोबरीनं तिथली घरं, शाळा, वसाहती त्यांनी उभ्या केल्या. रोच त्याआधीच निघून गेले होते. १९४८ मध्ये ते शिकागोत मीस व्हान डेर रोह यांच्या हाताखाली शिकायला दाखल झाले आणि एका सत्रातच बाहेर पडले. मीस यांच्या शिस्तीत पोलादाचा सांधा कसा जुळवायचा याला उत्तर होतं, पण सांध्याखाली बसणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न तिथे फारसा येत नसे. काही दिवस न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाच्या नियोजन कचेरीत नोकरी झाली. पंचवीसेक वर्षांनी त्याच मुख्यालयासमोर रोच यांनी हिरवट-निळ्या काचेचा मनोरा उभा केला, वन यूएन प्लाझा.

१९५० मध्ये ते मिशिगनला इरो सारिनेन यांच्याकडे आले आणि तिथेच त्यांचं खरं शिक्षण झालं. सारिनेन यांची पद्धत कष्टाची. प्रत्येक प्रकल्पाचे ढीगभर पर्याय काढायचे, माणूस आत डोकं घालून पाहू शकेल एवढी मोठी मॉडेलं करायची, गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचे. १९५४ पासून रोच हे रचनेच्या बाबतीत त्यांचे मुख्य सहकारी होते. त्याच कचेरीत जॉन डिंकलू होते. डिंकलूंचा जीव बांधकामाच्या साहित्यात आणि तंत्रात. मोटारीची काच ज्या रबरी पट्टीत बसवतात तसली निओप्रीनची पट्टी जनरल मोटर्सच्या इमारतींच्या काचांना लागली ती त्यांच्या खटपटीतून. कॉर-टेन नावाचं पोलादही असंच. त्यावर सुरुवातीला गंज चढतो आणि मग तो गंजच आतल्या धातूचं कवच होतो. रंग द्यावा लागत नाही. रेल्वेच्या वाघिणींसाठी वापरलं जाणारं हे पोलाद इमारतीच्या दर्शनी भागावर मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा आलं ते इलिनॉयमधल्या मोलीन इथे, जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या मुख्यालयावर. शेताच्या कडेला वर्षानुवर्षं पडलेल्या अवजाराचा तो तांबूस रंग ट्रॅक्टरवाल्यांच्या कचेरीला शोभूनही दिसला.

ती इमारत पुरी झालेली सारिनेन यांनी पाहिली नाही. १ सप्टेंबर १९६१ रोजी, मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले. कचेरी मिशिगनहून कनेक्टिकटला हलवण्याच्या धामधुमीत होती. मागे राहिले दहा-बारा मोठे अपुरे प्रकल्प : सेंट लुईसची ६३० फुटी कमान, न्यूयॉर्कचं टीडब्ल्यूए टर्मिनल, वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ, सीबीएसची काळी इमारत, जॉन डिअरचं मुख्यालय. ३९ वर्षांचे रोच आणि ४३ वर्षांचे डिंकलू यांनी ते सारे तडीस नेले, तेही गुरूच्या नावावर. संस्थेला स्वतःची नावं त्यांनी दिली ती १९६६ साली, मोठी देणी फिटल्यावर. पुढे प्रिट्झकरची रक्कमही रोच यांनी येल विद्यापीठात सारिनेन यांच्या नावानं अध्यासन ठेवण्यासाठी दिली. नाव मागे पडण्याचं एक कारण इथे आहे. कारकिर्दीच्या ऐन सुरुवातीच्या वर्षांत जगातल्या सर्वांत गाजलेल्या काही इमारती त्यांच्या हातून उभ्या राहिल्या, आणि त्या त्यांच्या नव्हत्या.

स्वतःचं पहिलं मोठं काम मात्र सारिनेन गेले त्याच वर्षी हाती आलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराला कला, इतिहास आणि निसर्ग अशी तीन संग्रहालयं हवी होती. मुलाखतीला गेलेल्या रोच यांनी तीन इमारतींऐवजी एक बाग देऊ केली. चार गल्ल्यांच्या जागेवर काँक्रीटचे उतरते थर, खालच्या दालनाचं छप्पर म्हणजे वरच्या दालनाचं अंगण. रस्त्यावरून इमारत फारशी दिसतच नाही. दिसतात त्या बुटक्या भिंती आणि त्यांवरून ओघळणारी झाडं. झाडांची योजना डॅन कायली यांची. १९६९ मध्ये ते उघडलं तेव्हा ओकलंड वंशसंघर्षानं धुमसत होतं. ब्लॅक पँथर पक्ष तीन वर्षांपूर्वी याच शहरात जन्मला होता. अशा गावात संगमरवरी खांबांचं देऊळ उभारण्याऐवजी ज्याच्या छपरावर कुणीही येऊन बसावं असं संग्रहालय बांधणं, यात राजकीय शहाणपण होतं.

रोच यांचं सर्वांत थोर काम कोणतं, यावर फारसा वाद नाही : न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरचं फोर्ड फाउंडेशनचं मुख्यालय, १९६८ सालचं. जागा शहराच्या ऐन मोक्याची. नियमात बसेल तेवढं उंच बांधलं असतं तर कितीतरी जास्त चटई क्षेत्र मिळालं असतं. रोच यांनी बाराच मजले घेतले आणि त्यातलाही मोठा भाग रिकामा सोडला. कचेऱ्या उत्तरेला आणि पश्चिमेला, काटकोनात. वरचे दोन मजले तेवढे चारी बाजूंनी फिरतात. उरलेल्या जागेत १६० फूट उंचीची पोकळी आणि तिच्या तळाशी एक तृतीयांश एकराची, म्हणजे तेराएक गुंठ्यांची बाग. दक्षिण आणि पूर्व बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. दोन रस्त्यांच्या पातळीत फरक आहे, तो बागेनं पायऱ्या-पायऱ्यांनी पोटात घेतला आहे. एका दारानं आत शिरून, झाडांतून चढत, दुसऱ्या रस्त्यावर निघता येतं.

प्रत्येक कचेरीला बागेच्या बाजूनं सरकती काच आहे. ती उघडली की कर्मचारी रस्त्याच्या धुरात न जाता बागेच्या हवेत येतो. खाली हिरवळ, समोर पलीकडच्या हातावरचे सहकारी. वाड्याच्या चौकाभोवती जसं सोप्यावर बसलेल्याला समोरच्या सोप्यावर काय चाललंय ते दिसतं, तसंच हे बारा मजल्यांवर. एकाच संस्थेत वर्षानुवर्षं काम करणारी माणसं लिफ्टच्या चार फुटांतच एकमेकांना भेटतात, हे रोच यांना पटत नव्हतं. ज्या कामासाठी आपण सारे इथे आलोय ते एक आहे, हे नुसतं पाहूनच कळावं, असा त्यांचा आग्रह होता. तपशिलातही तीच कळकळ. तपकिरी-गुलाबी ग्रॅनाइट, कॉर-टेनच्या तुळया, लाकूड-पितळेची टेबलं. आतली सजावट वॉरन प्लॅटनर या सहकाऱ्याकडे होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. इथलीही झाडांची योजना कायलींचीच; त्यांनी आधी लावलेली समशीतोष्ण हवेतली झाडं काचेआड रमली नाहीत. पुढे उष्ण प्रदेशातली लावावी लागली. शिवाय एक शंका मला नेहमी येते : सगळ्यांना सगळे दिसतात, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या साहेबालाही कोण उशिरा आलं आणि कोण टेबलावर नाही ते दिसतंच. आपुलकीनं पाहणं आणि पाळत ठेवणं यांच्यातलं अंतर काचेच्या जाडीइतकंच असतं. तरीही तेरा गुंठे बाग दिवसा कुणाही वाटसरूला खुली ठेवणारी कचेरी मॅनहॅटनमध्ये दुसरी नव्हती. फाउंडेशनचं अमेरिकेबाहेरचं पहिलं कार्यालय १९५२ मध्ये दिल्लीत उघडलं होतं. भारतातल्या शेतीच्या कितीतरी कार्यक्रमांचे कागद या बागेवरून हललेले असणार. न्यूयॉर्कनं इमारतीला १९९७ मध्ये वारसा दर्जा दिला. २०१८ साली नूतनीकरण संपलं. अपंगांना बागेत सहज उतरता येईल अशी सोय तेव्हा झाली. मूळ आराखड्यात ती नव्हती, ही ढोबळ उणीव होती.

या बागेची पुढची पिढी आपल्याला घराजवळ पाहायला मिळते. जवळपास त्याच सुमारास, १९६७ मध्ये, जॉन पोर्टमन यांनी अटलांटातलं हायट हॉटेल असंच पोकळ ठेवून बांधलं. तिथून मग जगभरची हॉटेलं, मॉल, आयटी कंपन्यांच्या कचेऱ्या यांत अशा आतल्या पोकळीची, म्हणजे एट्रियमची, साथच आली. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये मधोमध काचेच्या छताखाली जी पोकळी असते ती तिच्याच वंशातली, फक्त बाग गळाली आणि सरकते जिने आले.

रोच यांच्या गिऱ्हाइकांची यादी वाचताना पुणेकराला चुकचुकल्यासारखं होईल, कारण त्यातली नावं त्याच्या रोजच्या रस्त्यावरची आहेत. जॉन डिअरचा कारखाना सणसवाडीला आहे. कमिन्स तर १९६२ पासून, किर्लोस्करांच्या जोडीनं, पुण्यात. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर हे अजब गृहस्थ होते. इंडियानातल्या कोलंबस या आपल्या छोट्या गावात सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर नामांकित वास्तुकार निवडा, त्याची फी आम्ही देतो, अशी त्यांच्या फाउंडेशनची योजना होती. रोच यांनी त्या गावात पोस्ट ऑफिस बांधलं, कंपनीचं मुख्यालय बांधलं. त्याआधी इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनला कमिन्सचा कारखानाही बांधला होता, काचेचा आणि कॉर-टेनचा. पुण्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनमध्ये मात्र रोच घसरले. नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक विमा-बंधुसंघाचा २३ मजली मनोरा त्यांनी १९६९ मध्ये बांधला. चार कोपऱ्यांत तपकिरी फरशीनं मढवलेले चार अजस्र गोल बुरूज, त्यांच्यामध्ये गंजक्या तुळयांवर तोललेले मजले. शेजारीच १९७२ मध्ये कोलिझियम, बर्फावरच्या हॉकीसाठी आणि गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी. तिथे भूजल वर होतं म्हणून मोटारतळ जमिनीखाली नेता येईना, तेव्हा रोच यांनी तो छपरावर नेला आणि गोल फिरणाऱ्या रस्त्यांनी मोटारी वर चढवल्या. कागदावर बिनतोड तर्क. पण पोलादाचं गंजाचं कवच भरवशाचं ठरलं नाही, देखभालीचा खर्च वाढत गेला आणि इमारत २००२ मध्ये बंद पडली. जानेवारी २००७ मध्ये सुरुंगानं पाडली. दोन्ही इमारती महामार्गावरून धावत्या गाडीतून पाहण्यासाठी होत्या. पायी चालणाऱ्याला त्यांच्या पायथ्याशी करण्यासारखं काही नव्हतं. फोर्डच्या कचेरीत बाहेरच्या माणसाला आत घेणारा वास्तुकार इथे त्याला पूर्ण विसरला, हे मला त्यांच्या कोणत्याही शैलीबदलापेक्षा जास्त खटकतं. इंडियानापोलिसच्या विमा कंपनीच्या पिरॅमिडांचंही थोडंफार तेच. नऊ आखले, तीनच झाले, प्रत्येकाच्या दोन बाजू काचेच्या आणि दोन बंद काँक्रीटच्या. दुरून लक्षात राहतात, जवळ गेलं की मोटारतळ.

आता डॅनबरी. युनियन कार्बाइडचं मुख्यालय न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर ५२ मजली मनोऱ्यात होतं. सत्तरीत शहराची तिजोरी रिकामी झाली आणि मोठ्या कंपन्या उपनगरांत पळू लागल्या. कार्बाइडनं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला सहाशेहून अधिक एकरांचं जंगल घेतलं. रोच यांनी आधी कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. काय बोचतं, हे विचारलं. उत्तरं कुठल्याही मोठ्या कचेरीत मिळतील तशीच. खोलीचा आकार हुद्द्यावर ठरतो, कोपऱ्याची खिडकी साहेबाला, बढती झाली की भिंती सरकवायच्या आणि त्यावर पैसा घालायचा. सकाळी गाडी लावायची कुठे आणि पावसाबर्फातून किती चालायचं, हेही दुखणं होतंच.

रोच यांनी हे सगळं मनावर घेतलं. दोन हजारांहून जास्त खोल्या, सगळ्या एकाच मापाच्या, प्रत्येक खोलीतून झाडं दिसणार. सामानाचे निरनिराळे नमुने मांडून ठेवले आणि ज्यानं-त्यानं आपल्या आवडीचं टेबल, दिवा, खुर्ची निवडायची. मोटारतळ इमारतीच्या पोटात, मजल्यागणिक. गाडी थेट आपल्या मजल्याच्या पातळीला आणायची आणि चार पावलांवर आपली खोली. बाहेरून पाहिलं तर झाडांमध्ये पसरलेला कित्येक फांद्यांचा लांबलचक आराखडा, आणि रस्ता जो त्याच्या पोटात शिरून नाहीसा होतो. १९८२ मध्ये ती वापरात आली. कचेरीतली उतरंड मोजपट्टीनं मोडणारी इतकी सडेतोड इमारत मला दुसरी माहीत नाही.

दोनच वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटलं. हजारो माणसं मेली, लाखोंच्या डोळ्यांना-फुप्फुसांना कायमची इजा झाली. तिथली शीतयंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेलाच नव्हता. ज्या कंपनीचे एव्हरेडी सेल आपल्या घरोघरी होते, जिचा मुंबईत ट्रॉम्ब्यालाही कारखाना होता, तिची बाजू जगासमोर मांडली जात होती ती डॅनबरीतून. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर दावा मिटवला गेला. तोवर कंपनीनं डॅनबरीची इमारतही विकून टाकली होती.

भोपाळचा दोष रोच यांच्या माथी मारणं बालिश ठरेल. त्यांनी टेबलाची उंची आणि गाडीपासूनचं अंतर सांभाळलं. कारखान्याची झडप त्यांच्या हाती नव्हती. पण त्यांच्या कामाचा आढावा घेताना ही इमारत भोपाळला वगळून वाचता येत नाही, निदान भारतात बसून तरी नाही. कर्मचाऱ्याला सकाळी छत्री उघडावी लागू नये इतकी बारीक काळजी ज्या संस्थेला परवडते, तिच्या त्या काळजीची हद्द कुठे संपते? डॅनबरीत ती जंगलाच्या कुंपणाशी संपत होती, आणि इमारतीची सारी रचना ते कुंपण विसरायला मदत करत होती. फोर्डमध्ये काचेपलीकडे बेचाळिसावा रस्ता दिसतो, भिकारी, बसगाड्या, निदर्शनं सगळं दिसतं. डॅनबरीत फक्त मेपल आणि ओक. रोच यांना ‘दरबारी’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे सर्वांत खणखणीत आहे, आणि ‘कर्मचाऱ्यांचा वास्तुकार’ म्हणणाऱ्यांचाही इथेच. आता त्या इमारतीत नव्या मालकांनी निवासी सदनिका, दुकानं, कचेऱ्या असं मिश्रण आणलं आहे. एका मापाच्या खोल्या त्या कामी किती सोयीच्या पडल्या असतील, कोण जाणे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचं काम वेगळ्या जातीचं. १९६७ मध्ये संचालक थॉमस होव्हिंग यांनी रोच यांना बृहत् आराखडा करायला बोलावलं आणि ते नातं चाळीस वर्षं टिकलं. म्युझियम सेंट्रल पार्कच्या जागेत आणखी पसरतंय म्हणून शहरात ओरड झाली. ती रास्तही होती. रोच यांनी नवी दालनं जुन्या इमारतीला अशी जोडली की आधीची बाहेरची भिंत आता आतली झाली. लेमन दालनात, काचेच्या छपराखाली उभं राहिलं की समोर एकोणिसाव्या शतकातली विटांची मूळ भिंत दिसते. अमेरिकन दालनाच्या काचेच्या अंगणात वॉल स्ट्रीटवरून उचलून आणलेलं एका बँकेचं अख्खं संगमरवरी तोंड उभं आहे. सर्वांत नाट्यमय प्रसंग देंदूरच्या देवळाचा. ख्रिस्तपूर्व १५ च्या सुमाराचं हे वालुकाश्माचं छोटं मंदिर आस्वान धरणाच्या पाण्यात बुडालं असतं. इजिप्तनं ते अमेरिकेला दिलं, ६६१ खोक्यांतून ते आलं आणि १९७८ मध्ये रोच यांच्या दालनात उभं राहिलं. समोर नाईलची आठवण देणारा पाण्याचा तळ, मागे कड्यासारखी कललेली भिंत, आणि उत्तरेची संपूर्ण बाजू काचेची, जिच्यातून उद्यान दिसतं. संध्याकाळी दिवे लागले की उद्यानातल्या माणसालाही देऊळ दिसतं. दालनाला ज्या सॅकलर कुटुंबाचं नाव होतं ते २०२१ मध्ये, वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचं प्रकरण अंगाशी आल्यावर, म्युझियमनं काढून टाकलं. भिंती राहिल्या. देणगीदाराच्या पैशाचा प्रश्न रोच यांच्या इमारतींची पाठ इथेही सोडत नाही.

म्युझियमच्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या दारात रोच यांनी १९७० मध्ये रुंद, तिन्ही बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्या केल्या. तिकीट न काढता, काहीही विकत न घेता बसता येईल अशी ती शहरातली सर्वांत लोकप्रिय बैठक झाली. रोच यांच्या सार्वजनिक इमारती खासगी कचेऱ्यांपेक्षा जास्त टिकाऊ ठरल्या याचं कारण मला इथे दिसतं : इथे आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवणारा फाटकवाला पायऱ्या चढून गेल्यावरच भेटतो.

१९८१ मध्ये डिंकलू गेले आणि त्यानंतरचं काम सपाटीला आलं. जनरल फूड्सचा पांढरा अॅल्युमिनियमचा महाल, वॉल स्ट्रीटवर खांब-कमानींचा टोप घातलेला मनोरा, पॅरिसजवळ बुइग या बांधकाम कंपनीचं व्हर्सायच्या थाटाचं मुख्यालय : त्या दशकाला जे हवं होतं ते त्यांनी दिलं. आतल्या सोयी बहुतेक ठिकाणी चोख आहेत. बाहेरच्या कमानी आज पाहवत नाहीत. साहित्याबद्दल डिंकलूंचा जो हट्ट होता तो गेल्यावर रोच यांच्या इमारतींचं कातडं पातळ झालं, असं माझं मत आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सुवर्णपदक १९९३ मध्ये मिळालं, ते मागच्या पुण्याईवर.

मायदेशी त्यांची म्हणून ओळखली जाणारी मोठी इमारत एकच, आणि ती वयाच्या ८८ व्या वर्षी पुरी झालेली : डब्लिनचं कन्व्हेन्शन सेंटर. लिफी नदीच्या काठी, करड्या दगडी इमारतीतून बाहेर आलेलं काचेचं तिरपं पिंप. आराखडा नव्वदीतला, पण पैसा जमेपर्यंत देशात तेजी आली आणि इमारत पुरी होईपर्यंत गेलीसुद्धा. सप्टेंबर २०१० मध्ये तिचं उद्‌घाटन झालं आणि नोव्हेंबरात आयर्लंडला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. आत शिरल्यावर काचेमागच्या मजल्यांवरून नदी आणि एकमेकांकडे पाहत वर जाणारे लोक, हा भाग अस्सल रोच आहे. मागच्या गल्ल्यांकडे मात्र कोरी भिंत.

दहा वर्षांनी प्रिट्झकर डब्लिनला गेलं, ग्राफ्टन आर्किटेक्ट्सच्या इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा यांच्याकडे. या दोघी रोच यांच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या. लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात त्यांनी बांधलेल्या टाउन हाउसमध्ये ग्रंथालय आणि नृत्याचे वर्ग एकाच छताखाली, एकमेकांना दिसतील असे आहेत. मधोमध मोठी मोकळी जागा, रस्त्याच्या बाजूला गच्च्यांची ओळ, आणि दारात ओळखपत्र तपासणारं फाटक नाही.